गेममध्ये अचीव्हमेंट टाकायच्या की नाही? आधी त्या आल्या कुठून ते बघू

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडचे तिघं मित्र पीसीसाठी एक छोटा प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, बनवतायत, चाळीच्या गच्च्यांवरून उड्या मारत कटलेले पतंग पकडणारा मुलगा, आणि तो स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, टाकायचाय. एक जण म्हणतो पन्नास अचीव्हमेंट टाकू (गेममध्ये एखादी ठरावीक गोष्ट केली की खेळणाऱ्याच्या नावावर जमा होणारे बिल्ले), लोकांना आवडतात. दुसरा म्हणतो हे बालवाडीतल्या बाईंनी हातावर स्टार काढून देण्यासारखं आहे, गेम चांगला असला तर लोक तसेही खेळतील. तिसरा विचारतोय की हे मुळात सुरू कुणी केलं, कशासाठी, आणि खरंच काही उपयोग होतो का.

मी सोळा वर्षं याच धंद्यात आहे. आधी अंधेरीत मोबाईल गेम्स, मग मालाडला दुसऱ्यांचे गेम पीसी आणि कन्सोलवर न्यायचं काम. शेकडो अचीव्हमेंट स्वतः लिहिल्यात आणि त्यातल्या निम्म्या लिहायला नको होत्या हे आता कळतंय. त्यामुळे तुमच्यातल्या पहिल्या दोघांचंही थोडं बरोबर आहे असं म्हणून मोकळा होऊ शकलो असतो, पण तसं नाहीये, दुसरा जरा जास्त बरोबर आहे, फक्त त्याचं कारण चुकलंय.

माझं सांगतो. लालबागला असताना आमच्याकडे टीव्ही गेम होता, तोच तो, पिवळ्या कॅसेटवर काहीतरी अचाट आकडा इन वन लिहिलेला आणि आत गेम मोजून दहा. एकदा दुपारी मी तीस लाईफवाला कोड न मारता कॉन्ट्रा संपवला. घरात कोणी नाही, आई दळण आणायला गेलेली. शेवटी बेट उडालं, नावं सरकली, आणि गेम परत पहिल्यापासून सुरू. संध्याकाळी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "चल, फेकू नकोस." संपलं. आजपर्यंत त्याला पटलेलं नाहीये, दोन मुलांचा बाप झाला तरी.

अचीव्हमेंटचा सगळा इतिहास त्या दुपारी जे कमी होतं त्याचा आहे. कोणीतरी बघणारं. बक्षीस नाही हो, बघणारं. मैदानावर क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळीनी ६६४ ची पार्टनरशिप केली, ती काही टीव्हीवर लाईव्ह चालू नव्हती, पण स्कोअरबुकात आहे म्हणून आहे. तुम्ही हॅट्ट्रिक काढलीत आणि स्कोअरर चहा प्यायला गेला असेल तर तुम्ही हॅट्ट्रिक काढली नाहीत, विषय संपला.

तर गेममधला पहिला स्कोअरर म्हणजे आर्केडचं, नाणं टाकून खेळायचं मशीनच. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये वरती हायस्कोअर राहायचा, पण कोणाचा ते नाही, नुसता आकडा. १९७९ ला स्टार फायर नावाच्या गेमने स्वतःची तीन अक्षरं टाकायची सोय दिली आणि त्याच वर्षी आलेल्या ॲस्टरॉइड्समुळे ती सगळीकडे झाली. तीन अक्षरं, बास. पण त्या तीन अक्षरांसाठी लोक नाण्यांवर नाणी घालत होते, कारण उद्या दुसरा कोणीतरी येऊन ती वाचणार.

घरच्या मशीनवर मात्र पंचाईत, कारण तिथे दुसरं कोणी येतच नाही. यावर ॲक्टिव्हिजनने जो उपाय काढला तो मला अजून सगळ्यात जास्त आवडतो. ही कंपनी १९७९ ला सुरू झाली ती अटारी सोडून आलेल्या प्रोग्रामर लोकांनी केलेली, आणि त्यांच्या रागाचं एक मोठं कारण काय तर अटारी गेमवर बनवणाऱ्याचं नाव टाकायची नाही. (अटारीच्याच वॉरन रॉबिनेटने ॲडव्हेंचर नावाच्या गेममध्ये एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवून ठेवलं होतं, त्याच दुखण्यातून.) म्हणजे ज्यांना स्वतःचं काम कोणीतरी बघावं असं वाटत होतं त्याच लोकांनी मग खेळणाऱ्यांसाठीही ती सोय केली. गेमच्या पुस्तिकेत लिहिलेलं असायचं की एवढा स्कोअर झाला तर टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि पोस्टाने आम्हाला पाठवा. पिटफॉलमध्ये २०,००० पॉइंट, कबूममध्ये ३,०००. ते मग तुम्हाला कापडी बिल्ला पाठवायचे, शर्टावर किंवा जॅकेटवर लावायला. विचार करा, रोलवाला कॅमेरा, टीव्हीचा फोटो नीट यायला खोलीत अंधार करायचा, रोल संपेपर्यंत थांबायचं, धुवून आणायचा, पाकीट, तिकीट, आणि आठवडेच्या आठवडे वाट. एका बिल्ल्यासाठी. आणि पोरं हे करायची.

पण त्यातही स्कोअररची भानगड झालीच. ड्रॅगस्टर म्हणून ॲक्टिव्हिजनचाच गाडीचा गेम होता, त्यात टॉड रॉजर्स या खेळाडूचा ५.५१ सेकंदाचा रेकॉर्ड १९८२ पासून उभा होता. पुढे लोकांनी गेमचा कोड उलगडून गणित मांडलं तर ५.५७ च्या खाली जाणं शक्यच नाही असं निघालं. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज या रेकॉर्ड ठेवणाऱ्या संस्थेने त्याचे सगळे रेकॉर्ड काढून टाकले. पस्तीस वर्षं! साक्षीदार कच्चा असेल तर काय होतं त्याचं हे उदाहरण मी नव्या पोरांना नेहमी देतो, पुढे तुमच्या कामाला येणार आहे.

गेमच्या आतच बिल्ले ठेवायची जुनी उदाहरणं शोधायला गेलात तर १९९० चा अमिगा कॉम्प्युटरवरचा ई-मोशन सापडेल, त्यात पाच गुप्त बोनस होते, एक तर उजवीकडे न वळता लेव्हल पूर्ण केली तर मिळायचा, आणि काही लेव्हलमध्ये पूर्ण नापास झालात तर त्याबद्दलही एक होता. म्हणजे चक्रमपणाची परंपरा पहिल्यापासून आहे. पण हे सगळे एकेकट्या गेमचे बिल्ले होते, गेम बंद केला की त्या गेममध्येच राहिले.

खरा बदल नोव्हेंबर २००५ ला, एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा. मायक्रोसॉफ्टने ठरवलं की स्कोअरर आमचा. प्रत्येक गेमला अचीव्हमेंट पाहिजेच, त्यांचे पॉइंट एकाच खात्यात जमा होणार, त्याला नाव गेमरस्कोर, आणि तो तुमच्या नावाशेजारी सगळ्यांना दिसणार. आता यात हुशारी कुठे आहे बघा. डिस्कवर येणाऱ्या गेमला एकूण १,००० पॉइंट, डाऊनलोड करायच्या छोट्या आर्केड गेमला सुरुवातीला २००, त्याच्यावर एक पॉइंट देता येणार नाही. का? कारण प्रत्येक गेमवाल्याला स्वतःचे पॉइंट छापायची मुभा दिली असती तर आठवड्याभरात कोणीतरी दहा लाख पॉइंटवाला गेम काढला असता आणि सगळ्यांच्या पॉइंटची किंमत रद्दी झाली असती. नोटा छापायचा हक्क रिझर्व्ह बँकेकडेच का असतो, तेच कारण.

आणि हो, हे काही धर्मादाय काम नव्हतं. एकच गेम दोन मशीनवर मिळत असेल तर माणूस कुठे विकत घेणार? जिथे त्याचा स्कोअर साठलाय तिथे. स्कोअर काही सोबत घेऊन जाता येत नाही. माझ्या मते प्लॅटफॉर्मच्या बाजूने हाच मुख्य हेतू होता आणि आहे, बाकी खेळाडूचं कौतुक वगैरे नंतर. पण ते चाललं मात्र त्या कौतुकामुळेच. अचीव्हमेंट मिळाली की येणारा तो टुंग आवाज आणि खालून येणारी पट्टी, ऑफिसमध्ये टेस्टिंग करताना दिवसातून शंभर वेळा ऐकूनही मला अजून बरं वाटतं, काय करणार.

मग सगळेच मागे लागले. २००७ मध्ये स्टीम, जुलै २००८ ला सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर ट्रॉफी या नावाने, त्याच वर्षी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये, २०१० ला ॲपलचं गेम सेंटर, २०१३ ला गुगल प्ले गेम्स. निन्टेन्डोने स्विचवर आजही अशी सगळ्या गेम्सना मिळून व्यवस्था ठेवलेली नाही, आणि त्यांचं काही अडलेलं दिसत नाही, हे तुमच्यातल्या दुसऱ्याला सांगा, खूश होईल.

सोनीने एक गोष्ट मायक्रोसॉफ्टपेक्षा भारी केली. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड तर ठेवलंच, पण वर प्लॅटिनम, जी गेमच्या बाकी सगळ्या ट्रॉफी मिळाल्या की आपोआप मिळते. आकडा कितीही वाढू शकतो, त्याला शेवट नसतो. प्लॅटिनमला शेवट आहे. झालं, हा गेम मी पूर्ण केला, आता कपाटात. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा जशी, तिचे काही पॉइंट नसतात, ती खांद्यावर आहे किंवा नाही. आजकालच्या कधीच न संपणाऱ्या गेम्सच्या काळात "संपलं" असं अधिकृतपणे कोणीतरी सांगणं ही मोठी सेवा आहे, खरंच.

आता उपयोगाचं. माझ्या अनुभवात चांगली अचीव्हमेंट म्हणजे गेम बनवणाऱ्याने खेळणाऱ्याच्या कानात सांगितलेली गोष्ट, की अरे असंही करून बघ. सगळ्यात गाजलेलं उदाहरण हाफ-लाइफ २ च्या एपिसोड टू मधलं. गेमच्या सुरुवातीच्या भागात बागेत ठेवतात तसा एक बुटका गनोम सापडतो, तो शेवटपर्यंत सांभाळून नेऊन रॉकेटमध्ये ठेवायचा. ऐकायला फालतू आहे. पण त्यात मध्ये मोठा गाडीचा प्रवास आहे आणि गाडी वळली की हा बाहेर पडतो, शत्रू आले की याला खाली ठेवायचा, बंदूक घ्यायची, मारामारी झाली की परत याला शोधायचा. तोच गेम, एक ओळ कोडसुद्धा लढाईची बदललेली नाही, आणि खेळायची पद्धत पूर्ण वेगळी. कडेवर पोर घेऊन लोकलमध्ये चढणाऱ्या बाईला दरवाजा कसा दिसत असेल तसा गेम दिसायला लागतो. हे एका वाक्याच्या अचीव्हमेंटने केलं.

डेड रायझिंगचंही चांगलं आहे. २००६ चा गेम, त्यात ५३,५९४ झोम्बी मारायची अचीव्हमेंट आहे. आकडा असा विचित्र का? कारण ती त्या गावाची लोकसंख्या आहे. अख्खं गाव. हा आकडा ५०,००० असता तर नुसत्या पाट्या टाकणं झालं असतं, ५३,५९४ मुळे त्याला गोष्ट आली. तरी पाट्या टाकाव्याच लागतात, ते सोडा.

आणि नुसत्या पाट्या टाकायला लावल्या की काय होतं ते पण बघून घ्या. गिअर्स ऑफ वॉरमध्ये ऑनलाइन रँक्ड मॅचमध्ये १०,००० किल करा असं होतं. दुसऱ्या भागात कुठल्याही मोडमधले चालतील म्हणून आकडा १,००,००० केला. दुसऱ्या टोकाला अवतार या कार्टून मालिकेवरचा २००७ चा गेम, द बर्निंग अर्थ, एक्सबॉक्स ३६० वरचा, ज्यात सुरुवातीलाच एका जागी उभं राहून एकच बटण दाबत राहिलात की काही मिनिटात पूर्ण १,००० पॉइंट. लोकांनी तो गेम खेळण्यासाठी नाही, पॉइंटसाठी आणला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. आमच्याकडे एका मोबाईल गेममध्ये आम्ही "इतके हजार किलोमीटर धावा" टाकलं होतं, तर टेस्टरनेच फोनवर एक चिकटपट्टी आणि चमचा लावून रात्रभर ठेवला. त्याला विचारलं काय रे हे, तर म्हणाला, सर, तुम्हीच सांगितलं ना धाव म्हणून. गप्प बसलो.

यामागे एक जुना प्रयोग आहे, १९७३ चा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा. बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. काही दिवसांनी परत रंग समोर ठेवले तर ज्यांना आधी आमिष दाखवलेलं त्या मुलांचा चित्रं काढण्यात जाणारा वेळ घटला. पूर्वी मजा म्हणून करत होती, मध्येच तो पगार झाला, आणि पगार थांबला की काम थांबलं. २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये क्रिस हेकरने अचीव्हमेंट घातक आहेत का असा प्रश्न घेऊन अख्खं भाषण केलं, त्यात याच प्रकारच्या संशोधनाचा आधार होता.

आता बरेच जण हा प्रयोग इथेच थांबवतात आणि म्हणतात बघा, बक्षीस वाईट. पण त्यातलं महत्त्वाचं पुढे आहे. ज्या मुलांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांच्या आवडीवर काहीच वाईट परिणाम झाला नाही. म्हणजे भानगड बक्षिसात नाही, आधी ठरवलेल्या सौद्यात आहे. "हे कर, मग ते देईन" हा पगार. "अरे, मी बघितलं हां तू काय केलंस ते" हा साक्षीदार. लहान मुलं आणि रंग वेगळे, पैसे देऊन गेम घेतलेला पंचविशीतला माणूस वेगळा, त्यामुळे ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण मी हा नियम धरून काम करायला लागल्यापासून माझ्या अचीव्हमेंट सुधारल्यात.

शिवाय सगळेच खेळाडू बिल्ल्यावाले नसतात. रिचर्ड बार्टल, ज्याने रॉय ट्रबशॉच्या बरोबरीने पहिला मड, म्हणजे अनेकांनी मिळून नुसत्या मजकुरावर खेळायचा गेम, बनवला, त्याने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: काहीतरी मिळवायला येणारे, नवीन जागा शोधायला येणारे, गप्पा मारायला येणारे, आणि दुसऱ्यांना छळायला येणारे. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये बघा ना, एक असतो ज्याची वहीत किल्ल्यांची यादी असते आणि टिक मारण्यासाठी तो पावसात कलावंतिणीवर चढतो, आणि एक असतो जो अर्ध्या वाटेत टाकं सापडलं म्हणून तिथेच बसतो. पन्नासच्या पन्नास अचीव्हमेंट यादीवाल्यासाठी लिहिल्या तर टाक्यापाशी बसणाऱ्याला वाटतं हा गेम आपल्यासाठी नाहीच.

तर तुमच्या गेमबद्दल. पन्नास नको, वीसच्या आसपास बास. स्टीमवर एकेकाळी कचरा गेम्सनी हजारो अचीव्हमेंटचा सुळसुळाट केला होता, शेवटी २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॅल्व्हने नवीन गेमचा पुरेसा भरवसा येईपर्यंत शंभरची मर्यादा घातली आणि तोवर त्या प्रोफाइलच्या एकूण आकड्यात धरायच्याही बंद केल्या. त्यामुळे ढीग बघितला की जाणकार माणूस आधी संशय घेतो.

वीसपैकी पाच-सहा नुसत्या वाटेतल्या ठेवा, एकेक चाळ संपली की एक. त्या खेळाडूसाठी नाहीत, तुमच्यासाठी आहेत. स्टीम प्रत्येक अचीव्हमेंट किती टक्के लोकांना मिळाली ते उघड दाखवतं, तर तिसऱ्या चाळीनंतर आकडा धाडकन खाली आला की समजायचं तिथे काहीतरी गंडलंय, एखादी उडी फार अवघड आहे किंवा कंटाळा येतोय. फुकटातलं सर्वेक्षण आहे. फक्त पहिलीच्या आकड्याने घाबरू नका, पहिल्या दहा मिनिटात मिळणारी अचीव्हमेंटसुद्धा कधीच शंभर टक्के लोकांकडे नसते, सेलमध्ये गेम घेऊन नीट न उघडणारे आपल्यातच कितीतरी आहेत. (मी पण.)

पाच-सहा "असंही करून बघ" वाल्या. एकही पतंग हातातून न सोडता अख्खी गच्ची पार करणं, किंवा फाटका पतंग पहिल्या लेव्हलपासून शेवटपर्यंत सांभाळत नेणं, तो गनोमचा काका झाला, पण चोरी करायची तर चांगल्या घरी करावी. नावं तुमच्या गल्लीतली द्या. ढील, फिरकी, मांजा, एवढे शब्द हाताशी असताना "मास्टर कॅचर" लिहिलंत तर मी मुलुंडला येऊन भांडेन.

तीन-चार लपवलेल्या. स्टीममध्ये तशी सोय आहे, वर्णन आधी दिसत नाही. इथे तो बालवाडीचा प्रयोग आठवा. खेळणारा स्वतःहून काहीतरी करतो, कोणी न सांगता, आणि तेवढ्यात पट्टी वर येते. माझा भाचा द स्टॅन्ली पॅरेबलमधली पाच वर्षं गेम न खेळायची अचीव्हमेंट मिळवायला कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे करून आला आणि मला अभिमानाने दाखवत होता. साक्षीदाराला फसवलं, पण हसला तरी, पैसे वसूल.

हे टाकू नका: दहा हजार वेळा उडी मारा, रोज सात दिवस गेम उघडा, आणि एकदा चुकली की सगळा गेम परत खेळावा लागेल अशी कुठलीही. ती शेवटची फार वाईट, माणूस गेम बाजूला ठेवून मोबाईलवर गाईड उघडून बसतो आणि तुमची गच्ची, तुमचं संध्याकाळचं आभाळ, काही बघत नाही.

तांत्रिक दोन गोष्टी, कारण इथेच सगळे आपटतात. प्रत्येकीला दोन आयकॉन लागतात, एक मिळालेलीचा आणि एक न मिळालेलीचा, ते शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. आणि कोडमध्ये सेटअचीव्हमेंट कॉल केलात म्हणजे काम झालं असं नाही, त्यानंतर स्टोअरस्टॅट्स कॉल केल्याशिवाय ती सर्व्हरकडे जात नाही. हे विसरलात तर खेळणाऱ्याने तुमची सगळ्यात अवघड गच्ची पार केलेली असेल आणि स्कोअरर चहा प्यायला गेलेला असेल. आणि एकदा गेम बाहेर गेला की अचीव्हमेंट काढू नका, तिची अट अवघड करू नका, ज्याला मिळालीय त्याच्या वहीतलं पान फाडल्यासारखं होतं ते.

एक लपवलेली मात्र माझ्यातर्फे ठेवा. शेवटच्या लेव्हलमध्ये सगळे पतंग पकडून झाले की दार उघडतं ना, तिथून बाहेर न जाता कोणी पाच मिनिटं पाण्याच्या टाकीवर नुसतं बसून राहिलं तर. मी खेळेन तेव्हा तिथेच बसणार आहे.